शरदातील लग्नसराई : बाजाराचे वस्त्र आणि घरची कलाकुसर

आषाढात सुरू झालेला चातुर्मास कार्तिक पौर्णिमेला संपतो. साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, शत्रुंजयाची यात्रा भाविकांसाठी खुली होते आणि त्याच सुमारास तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात गावोगावी लग्नसराईस आरंभ होतो. चार महिने व्रत, तप आणि स्वाध्याय यांत रमलेला आपला समाज शरदाच्या शेवटी एकदम सनई-चौघड्याकडे वळतो. कापडाच्या व्यापाराशी जन्मभर संबंध आल्यामुळे या संक्रमणाकडे मी नेहमी एका विशिष्ट दृष्टीने पाहत आलो. लग्नात कोणते वस्त्र नेसले जाते, ते कोठून येते आणि त्यातले घरी काय तयार होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत समाजाचा बराचसा इतिहास दडलेला असतो. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वस्त्र आणि विवाह या दोन्ही गोष्टींचा उगम आपली परंपरा प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांपाशी नेऊन पोहोचवते. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे त्यांनी मनुष्यास शिकविली, असे आपण मानतो. श्वेतांबर परंपरेत त्यांनी शिकविलेल्या मूळ शिल्पांमध्ये कुंभार, लोहार आणि चित्रकार यांच्या बरोबरीने विणकराच्या शिल्पाचाही उल्लेख येतो. विवाहविधीचा प्रारंभही त्यांच्याच काळापासून सांगितला जातो. म्हणजे हातमाग आणि लग्नमंडप ही आपल्याकडे जणू भावंडेच आहेत.

मात्र याच परंपरेत वस्त्राविषयीचा संयमही तितकाच जुना आहे. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात साधूने वस्त्र कसे स्वीकारावे याचे सविस्तर नियम आहेत. मौल्यवान वस्त्रे साधूने घेऊ नयेत असे सांगताना त्यांत चीनांशुकाचा, म्हणजे चीनमधून येणाऱ्या रेशमी वस्त्राचाही समावेश केलेला आहे. दिगंबर मुनींनी तर वस्त्राचा त्यागच केला आणि आर्यिका माताजी एकाच शुभ्र साडीवर राहतात. आणखी एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. भगवान महावीरांचे दीक्षा कल्याणक आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य दशमीला येते. ज्या पंधरवड्यात आपण शालू आणि शेरवान्या खरेदी करतो, त्याच पंधरवड्यात राजकुमार वर्धमानांनी राजवस्त्रे उतरवून ठेवली. वैभव आणि विरक्ती यांच्यातील हा ताण आपल्या लग्नवस्त्रांच्या इतिहासात सतत दिसतो.

तेरचे कापड, कैरोतील तुकडे

महाराष्ट्राच्या भूमीला वस्त्रव्यापाराचा वारसा फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांतून भडोच बंदरात माल येत असल्याचे नमूद आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. गंमत अशी की, त्या ग्रंथाप्रमाणे पैठणहून मुख्यतः गोमेदासारखे दगड जात आणि कापड येई ते तेरहून, तेही साधे सुती कापड आणि मलमल. पुढे रेशमासाठी जगप्रसिद्ध झालेल्या या प्रदेशाची पहिली कीर्ती सुताची आहे, हे आपण व्यापाऱ्यांनी विसरू नये.

पैठणचे, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानचे, आपल्या धर्माशी नातेही जुने आहे. संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीऐवजी चतुर्थीला करण्याची जी प्रथा श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत आहे, ती कालकाचार्यांनी सातवाहन राजाच्या विनंतीवरून याच नगरीत सुरू केली, अशी कथा आहे. दिगंबर समाजासाठी मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे अतिशय क्षेत्र म्हणून पैठण पूज्य आहे.

गुजरातच्या सुती कापडाची साक्ष तर परदेशात सापडली. इजिप्तमधील जुन्या कैरोत, फुस्तात येथे, भारतीय छापील कापडाचे असंख्य तुकडे मिळाले. त्यांपैकी हजाराहून अधिक तुकडे आज ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहेत. मंजिष्ठेचा तांबडा आणि निळीचा निळा अशा रंगांतील हे ठसेकाम मुख्यतः गुजरातचे असून त्यातील काही तुकडे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. अभ्यासकांना त्यांची ओळख पटविताना मोठी मदत झाली ती आपल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांची. त्या चित्रांतील राण्या, श्राविका आणि राजपुरुष यांच्या अंगावर हंसांच्या ओळी आणि फुलांच्या जाळ्या असलेली जी वस्त्रे दिसतात, तशीच नक्षी कैरोच्या तुकड्यांवर आहे. पोथी लिहवून घेणाऱ्या श्रावकांनी धर्म जपला आणि नकळत त्या काळच्या कापडाचा नमुनाही जपून ठेवला.

जालन्याहून पाटणला

लग्नवस्त्रांच्या इतिहासात आपल्या समाजाचा सर्वांत मोठा वाटा पटोळ्यात आहे आणि त्याचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. गुजरातचा सोळंकी राजा कुमारपाल (राज्यकाळ ११४३ ते ११७२) हा कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचा अनुयायी होता. परंपरा अशी सांगते की, जिनपूजेसाठी त्याला शुद्ध, न वापरलेले पटोळे हवे असे आणि ते जालन्याहून मागविले जाई. तेथील राजा ते आधी स्वतः वापरून मग बाहेर पाठवितो, असे कळल्यावर कुमारपालाने जालन्याहून साळवींची सातशे कुटुंबे आणून पाटणला वसविली. पाटणची साळवी घराणी आजही ही कथा सांगतात. आकड्यांबाबत कोणी शंका घेऊ शकेल, पण एका वस्त्राच्या शुद्धतेसाठी विणकरांचे स्थलांतर झाले, ही समजूत आपल्या समाजाने आठशेहून अधिक वर्षे जपली, हे तर खरेच.

पटोळ्याचे वैशिष्ट्य असे की त्यात ताणा आणि बाणा हे दोन्ही विणण्याआधीच बांधून रंगविले जातात. कोठे गाठ मारायची, कोणता रंग कधी चढवायचा, याचा सर्व हिशेब आधी करावा लागतो. विणताना ताण्याचा रंग बाण्याच्या रंगाशी तंतोतंत जुळला तरच नक्षी उमटते आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. एका बाजूस कललेल्या मागावर दोघे विणकर बसले तरी एक साडी पुरी व्हायला चार ते सहा महिने लागतात. म्हणजे ज्या मुलीचे लग्न कार्तिकात, तिच्या पटोळ्याच्या गाठी उन्हाळ्यातच मारायला घ्याव्यात, असा हा मामला. नारीकुंजर, पानभात, रतनचोक अशी त्याच्या नक्ष्यांची नावे आहेत. पटोळे फाटेल पण त्याचा रंग फिटणार नाही, असे गुजरातेत म्हटले जाते. आज पाटणला हे काम करणारी साळवी कुटुंबे अगदी मोजकी उरली आहेत. २०१३ साली पाटण पटोळ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाचे रक्षण झाले. हातांचे रक्षण मात्र मानांकनाने होत नाही.

पटोळ्याची महाराष्ट्रातील बहीण म्हणजे पैठणी. तिच्यात रंगीत बाणा एकमेकांत गुंफून नक्षी काढली जाते, त्यामुळे काठ-पदर उलट-सुलट सारखेच दिसतात. असावली, बांगडी मोर, मुनिया ही तिची वळणे पेशवाईत आणि पुढे निजामाच्या राज्यातही लोकप्रिय होती. पैठणीला २०१० साली मानांकन मिळाले. आज तिचा मोठा बाजार येवल्यात आहे.

प्रत्येक वस्त्रामागे एक नाते

आपल्या गावातील जैन समाज एका प्रांताचा नाही. गुजराती, कच्छी, मारवाडी आणि मूळचे मराठी जैन अशा चारही घरांतील वधूंना कापड दाखविताना एक गोष्ट लक्षात येते. जुन्या रीतीत लग्नाचे प्रत्येक वस्त्र कोणी द्यायचे हे ठरलेले असे. गुजराती घरांत पांढरे, लाल काठाचे पानेतर मामाकडून येई आणि लाल बांधणीचे, जरीच्या चौकटी असलेले घरचोळे सासरकडून. त्या चौकटी बारा किंवा बावन्न असत. बावन्न हा आकडा बावन जिनालयांमुळे आपल्याला परिचित आहेच. घरचोळ्यालाही २०२४ साली मानांकन लाभले. मराठी लग्नात मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री आणि सासरचा शालू असा क्रम असे. वधू एकाच विधीत दोन घरांची वस्त्रे अंगावर घेई आणि दोन कुळे जोडली जात असल्याचे सर्वांना डोळ्यांनी दिसे.

अलीकडे गिऱ्हाईक दुकानात येते ते मोबाइलवरील छायाचित्र घेऊन. अमक्या अभिनेत्रीचा घागरा हवा, तमक्या रंगाचा हवा, आणि वऱ्हाडाने त्याला जुळणारे कपडे घालायला हवेत. व्यापार म्हणून याविषयी तक्रार करण्याचे मला कारण नाही. परंतु कोणी काय दिले, हा प्रश्न त्यात पुसून गेला आणि फक्त केवढ्याला घेतले, हा उरला. नात्याची जागा किमतीने घेतली.

चातुर्मासातील हात

आतापर्यंत पाहिले ते बाजारातील वस्त्र. लग्नाचा दुसरा अर्धा भाग घरात तयार होई, आणि त्याचा काळ होता चातुर्मास. पावसामुळे प्रवास थांबलेला, व्याख्यान ऐकून झाल्यावर दुपार मोकळी, आणि घरात आजी, आई, सुना व मुली एकत्र. या चार महिन्यांत सुई-दोऱ्याची जी कामे होत, त्यांतली काही धर्मासाठी असत आणि काही कार्तिकातील लग्नासाठी.

धर्माच्या कामात ज्ञानपंचमीचा मान मोठा होता. कार्तिक शुद्ध पंचमीला ग्रंथभांडारातील पोथ्या बाहेर काढून झाडायच्या, त्यांना ऊन द्यायचे आणि नव्या रुमालात बांधायच्या, ही प्रथा श्वेतांबर परंपरेत आहे. हे रुमाल आणि पोथीखाली धरायच्या पाटांची भरतकामाची वेष्टणे श्राविका घरी करीत. तपाच्या उजमण्यासाठी चंदरवे, पुठिये आणि जरीचे छोड तयार होत. मंदिरांसाठी घडलेल्या अशा वस्त्रांचा उत्तम संग्रह अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात आहे. १९४९ साली ते सुरू करणारे साराभाई कुटुंब जैनच होते.

लग्नाच्या कामात तोरणाला पहिले स्थान. सौराष्ट्र आणि कच्छमध्ये दारावर लावायचे कापडी तोरण भरतकामाने किंवा मोत्यांनी, म्हणजे काचमण्यांनी, सजविलेले असे. त्याच्या खालच्या पाकळ्या आंब्याच्या पानांची आठवण करून देणाऱ्या असतात. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या काठियावाडी व्यापाऱ्यांमार्फत झांझीबारहून व्हेनिसचे मणी आले आणि घरोघरच्या स्त्रियांनी त्यांतून तोरणे, चाकळे, इंढोण्या विणल्या. कापडी तोरणाचा विचार आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. पाने-फुले तोडावी लागत नाहीत आणि एकदा केलेले तोरण तीन पिढ्यांच्या लग्नांना पुरते.

मराठी जैन घरांत हीच जागा रुखवताने घेतली. कापसाची वस्त्रमाळ, विणलेले रुमाल, जुन्या लुगड्यांची गोधडी, मण्यांचे तोरण, रंगविलेली बोळकी आणि सोबत घरचे लाडू-करंज्या. रुखवत मांडले की मुलीच्या हाताची परीक्षा होई, असे म्हणतात. मला त्यात परीक्षेपेक्षा मोठा अर्थ दिसतो. आजीच्या लुगड्याचा तुकडा गोधडीत शिवून मुलीबरोबर सासरी जाई. आज रुखवत भाड्याने मिळते. लग्न झाल्यावर ते पुढच्या मंडपात जाते, मुलीबरोबर काहीच जात नाही.

बदल कसा झाला

या बदलाचा दोष एखाद्या पिढीला देणे अन्यायाचे होईल. गिरण्यांनी आधी हातमागाला मागे सारले आणि त्या गिरण्या उभारण्यात आपला समाजही पुढे होता. कस्तुरभाई लालभाई यांनी १९३१ साली अहमदाबादेत अरविंद मिल सुरू केली ती तलम सुती कापडासाठीच. गिरणीचे कापड स्वस्त आणि टिकाऊ होते, सामान्य घरातील मुलीलाही लग्नात चांगली साडी मिळू लागली, हे त्याचे मोठे श्रेय आहे. पुढे कृत्रिम धागा आला, मुली शिकल्या, नोकरी करू लागल्या, आणि चातुर्मासातील दुपार मोकळी राहिली नाही. मुलीने शिकावे की तोरण विणावे, असा प्रश्न कोणी विचारला तर माझेही उत्तर शिक्षण हेच असेल.

कधी समाजच नियम करून हातकाम थांबवितो. कच्छमधील ढेबरिया रबारी समाजाने १९९५ साली आपल्या घरच्या भरतकामावर बंदी घातली. लग्नाचे भरतकाम पुरे होईपर्यंत मुलींचे सासरी जाणे वर्षानुवर्षे लांबत होते. घरची कला ओझे झाली की तिचा असाही शेवट होतो, हा धडा आपण घेण्यासारखा आहे.

याच काळात आपल्याकडे साधेपणाचा प्रयत्न दुसऱ्या मार्गाने झाला. १९८५ साली शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने प्रारंभीच्या काळात पुण्यातून सामूहिक विवाहांचा पुरस्कार केला. एका मंडपात अनेक जोडप्यांचे लग्न लागले की श्रीमंताची आणि गरिबाची वधू शेजारी बसते. वस्त्रावरून माणूस मोजण्याची सवय त्या दिवसापुरती तरी सुटते.

रेशमाचा प्रश्न

आता ज्या विषयावर घराघरात दबक्या आवाजात चर्चा होते, त्याकडे वळतो. रेशमाचा किडा कोशात असतानाच उष्णतेने किंवा वाफेने मारला जातो. तो बाहेर आला तर कोश फुटतो आणि शेकडो मीटर लांब अखंड धागा मिळत नाही. एका साडीसाठी हजारो कोश लागतात. अमारी घोषित करणाऱ्या कुमारपालाच्या पूजेत रेशमी पटोळे होते, म्हणून रेशीम निर्दोष ठरत नाही. रेशीम कसे होते हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, आणि जाणल्यानंतरची जबाबदारी न जाणल्यापेक्षा अधिक असते.

यावर पर्याय शोधले गेले आहेत. पुण्याच्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेने रेशमातील हिंसेविषयी सातत्याने जागृती केली. आंध्र प्रदेशच्या हातमाग विभागातील अधिकारी कुसुमा राजय्या यांनी १९९० च्या दशकात पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून सूत कातण्याची पद्धत विकसित केली आणि त्याला अहिंसा रेशीम हे नाव दिले. या रेशमाला नेहमीची झळाळी नसते, किंमत अधिक असते. पतंग बाहेर आला तरी पाळलेल्या किड्यांचा पुढचा प्रश्न उरतोच, असाही आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे.

म्हणून मला सरळ मार्ग सुताचा वाटतो. सुती पैठणी आज मिळते. सुतावर बांधणी उत्तम उठते, ठसेकाम तर मुळातच सुताचे. कार्तिकातील हवेत, सकाळच्या मुहूर्तावर, सूर्यास्ताआधी भोजन आटोपणाऱ्या लग्नात सुती वस्त्र अधिक शोभते आणि सोसतेही. आचार्य विद्यासागर महाराजांच्या (१९४६–२०२४) प्रेरणेने मध्य प्रदेशात हातमाग केंद्रे उभी राहिली, सागरच्या मध्यवर्ती कारागृहातील बंदीही त्यांवर सुती कापड विणू लागले. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्यात जन्मलेल्या या महामुनींनी स्वतः वस्त्र त्यागले आणि इतरांना अहिंसक वस्त्र विणायला लावले, यातील अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. घरात आजीचा रेशमी शालू असेल तर तो जरूर नेसावा, त्यासाठी नवा जीव जात नाही. नवे घेताना मात्र प्रश्न विचारावा. माझ्यासारख्या दुकानदाराने उत्तर खरे द्यावे, हे आमचे कर्तव्य.

ट्रस्टपुढे एक विनंती

इतिहास केवळ आठवण्यासाठी नसतो. आपल्या ट्रस्टपुढे मी एक छोटी योजना ठेवू इच्छितो. मराठी आणि गुजराती लग्नांत वधू-वरांमध्ये अंतरपाट धरला जातो. येत्या चातुर्मासात संघातील श्राविकांनी, आणि शक्य तेथे श्रावकांनी व मुलांनीही, एक सुती अंतरपाट तयार करावा. मध्ये स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन बिंदू आणि सिद्धशिला, भोवती अष्टमंगले. प्रत्येक घराने थोडेच टाके घालावेत, म्हणजे कोणावर ओझे होणार नाही. सोबत एक कापडी तोरण असावे. ज्ञानपंचमीला पोथ्यांच्या रुमालांबरोबर त्यांचेही पूजन करावे आणि मग ते ट्रस्टच्या कपाटात ठेवावे. ज्या घरी लग्न असेल त्याने ते न्यावे, लग्न लागल्यावर कडेला वधू-वरांची नावे आणि वीर निर्वाण संवत लहान अक्षरांत दोऱ्याने भरून परत आणावे. श्रीमंताच्या आणि सामान्याच्या लग्नात अंतरपाट तोच राहील.

आणखी पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका निघेल. तेव्हा लेख लिहिणाऱ्याला आपल्या समाजाचा इतिहास शोधण्यासाठी ऑक्सफर्डच्या संग्रहालयाकडे पाहावे लागू नये. तो ट्रस्टच्या कपाटात, आपल्याच लेकी-सुनांच्या टाक्यांत आणि नावांत त्याला वाचता यावा, एवढीच इच्छा.

जय जिनेंद्र.